पाळीच्या कळा, गार पाय आणि काढ्यातलं पादस्नान: कुणी करावं, कुणी करू नये

तुमचा प्रश्न मला असा समजला. वय सव्वीस, पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात आणि कमरेत अशा कळा येतात की कामावर जाणं नको होतं. शिवाय पाय बारा महिने गार. कुणीतरी तुम्हाला मगवर्ट, सुंठ, दालचिनी आणि करडईची फुलं घातलेली, पाण्यात टाकून पाय शेकायची पाकिटं सुचवली. त्यावर लिहिलंय की तळपायातून उष्णता वर चढते, गर्भाशयातली थंडी निघते आणि रक्ताभिसरण सुधारतं. हे रोज करू का, पाळी चालू असताना चालेल का, आणि मधुमेह असलेल्या आईचेही पाय गार पडतात, तर दोघींनी एकाच टबात पाय घालून बसलं तर काय हरकत आहे, असं तुम्ही विचारलंत.

आधी थेट उत्तर देते, कारणं पुढे. तुम्ही बिनधास्त करा. काढा न घालता नुसत्या गरम पाण्यात केलंत तरी जवळजवळ तेवढाच फायदा होईल. पाळीच्या कळांवर हा मुख्य उपाय नाही, जोडीला ठीक आहे. आणि आईंनी त्या टबात पाय घालू नयेत. सगळ्या प्रश्नात मला काळजी वाटली ती या शेवटच्या वाक्याची, त्यामुळे बाकीचं वाचायला वेळ नसेल तर निदान आईंबद्दलचा भाग वाचा.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुली आणि बायका 'पाय गार म्हणून पोट दुखतं' हे इतक्या खात्रीनं सांगतात की त्यात काही तथ्य असणार असं कुणालाही वाटावं. तथ्य आहेही, फक्त ते उलट्या बाजूनं आहे.

पाळी येण्याआधी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची पातळी खाली येते आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळतो, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही आवळतात, स्नायूला तेवढा वेळ प्राणवायू कमी पडतो आणि कळ उठते. हीच रसायनं रक्तात उतरली की मळमळ, पातळ जुलाब, डोकेदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं. म्हणूनच पहिल्या दिवशी फक्त पोट दुखत नाही, सगळं अंगच बिनसतं. हे दुखणं साधारण रक्तस्राव सुरू होण्याच्या थोडं आधी किंवा त्याच्याबरोबर सुरू होतं आणि दोन ते तीन दिवसांत ओसरतं.

या सगळ्यात गर्भाशय थंड कुठेच पडलेलं नसतं. ते ओटीपोटात खोल असतं आणि तिथलं तापमान ३७ अंशांच्या आसपासच राहतं, पाय कितीही गारठलेले असोत. 'थंड गर्भाशय' ही पारंपरिक चिनी वैद्यकातली कल्पना आहे. मगवर्ट, म्हणजे आपल्या दवण्याच्या प्रजातीतलीच एक वनस्पती, तिथे उष्ण मानतात आणि तिचा शेक, धूर, काढा हे सगळं त्याच कल्पनेतून आलं. तिला ज्ञानाची एक जुनी पद्धत म्हणून मान द्यायला माझी ना नाही. पण 'गर्भाशयातली थंडी' हे थर्मामीटरनं मोजायचं तापमान नव्हे, आणि पाकिटावर मात्र ते तसंच छापलेलं असतं.

मग पाय गार का पडतात? बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात शरीराचं आतलं तापमान ०.३ ते ०.५ अंशानं चढतं. ही चढलेली पातळी राखायची म्हणून शरीर बाहेर जाणारी उष्णता अडवतं आणि त्यासाठी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या लवकर आवळून घेतं. म्हणजे पाळीच्या आधीच्या दिवसांत पाय जास्त गार वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्यात दुखणं आणि 'उद्या कसं होणार' ही धास्ती. दोन्हींमुळे हातपाय आणखी गार पडतात. तर पाय गार पडले म्हणून कळा येत नाहीत. त्या दिवसांत दोन्ही गोष्टी एकाच सुमारास येतात आणि आपण त्यांची सांगड घालतो.

आता काढ्याकडे वळू. त्वचेतून औषध आत जातच नाही असं मी म्हणत नाही. निकोटिनचे पॅच, हार्मोनचे पॅच चालतातच. पण त्यासाठी रेणू लहान लागतो (साधारण ५०० डाल्टनच्या आतला, डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक), तो तेलात विरघळणारा लागतो, भरपूर गाढ मात्रा लागते आणि पॅच तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस चिकटून राहावा लागतो. आल्यातला जिंजेरॉल लहान आहे, तेलातही विरघळतो. अडतं ते मात्रेवर आणि वेळेवर. वीस-तीस ग्रॅम सुंठेतलं थोडंसंच पाण्यात उतरतं, ते पाच-सहा लिटर पाण्यात पसरतं, आणि पाय त्यात पंधरा-वीस मिनिटं असतात. तेही तळवा, जिथली वरची मृत त्वचा सगळ्या अंगात जाड. पाळीच्या दुखण्यासाठी आल्याचे जे छोटे अभ्यास झालेत, त्यात रोज ७५० ते २००० मिलिग्रॅम पावडर पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत पोटात घेतलेली होती. त्या अभ्यासांचा दाखला पाय शेकण्याच्या पाकिटावर छापणं म्हणजे गोळीचा गुण गोळीच्या डबीला चिकटवणं.

म्हणून वनस्पती अगदीच फुकट जातात का? वास हा खरा अनुभव आहे. आवडीचा, ओळखीचा वास असलेल्या वाफेत बसलं की माणूस सैलावतो, आणि दुखण्यात सैलावण्याला किंमत असते. सुंठ आणि दालचिनी त्वचेला किंचित चुरचुरवतात, त्यानं ऊब जास्त जाणवते. बास, एवढंच. मीठ, एप्सम सॉल्ट यांनाही मी याच रांगेत बसवते. घालायचं तर घाला, त्यातून मॅग्नेशियम अंगात भरेल या आशेनं नको.

करामत आहे ती गरम पाण्याची, आणि ती मी कमी लेखत नाही. तळपाय आणि तळहाताच्या त्वचेत रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या खास वाटा असतात. शरीराला उष्णता बाहेर टाकायची असली की त्या उघडतात, राखायची असली की मिटतात. गरम पाण्यात पाय घातले की त्या उघडतात, कोमट झालेलं रक्त परत फिरतं, मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण 'आता आवळायची गरज नाही' असं धरून चालतं आणि दुसरीकडच्या रक्तवाहिन्याही सैल होतात. गिबन आणि लँडिस या संशोधकांनी १९३२ मध्ये हेच दाखवलं होतं. हात कोपरापर्यंत गरम पाण्यात बुडवले आणि पायांच्या रक्तवाहिन्या उघडल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, आईंच्या संदर्भात पुन्हा लागणार आहे.

झोपेचंही तसंच. पाय ऊबदार असले की झोप लवकर लागते, हे नीट मोजलेलं आहे. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यानं आंघोळ केली किंवा पाय शेकले तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते. पाळीच्या आदल्या रात्री तळमळत पडणाऱ्या बाईला ही दहा मिनिटं थोडी नसतात. माझ्या रुग्णांपैकी ज्या नेमानं पाय शेकतात, त्या मला 'पोट कमी दुखलं' यापेक्षा 'रात्र बरी गेली' असंच जास्त वेळा सांगतात.

पण कळांवरच शेक घ्यायचा असेल तर तो पायांना कशाला? गर्भाशयाच्या वेदना पाठीच्या कण्यातल्या ज्या पातळीवर पोचतात, त्याच पातळीवर ओटीपोट आणि कमरेच्या त्वचेतल्या नसाही येतात. तिथे ऊब लागली की त्याच ठिकाणी वेदनेचा निरोप काही प्रमाणात अडतो. पायाच्या नसा बहुतांशी खालच्या पातळीवर येतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर सुमारे ३९ अंशांचा पॅच दिवसाला बारा तास, असा दोन दिवस ठेवला होता. त्याचा आराम ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा घेतल्याच्या तोडीचा निघाला, आणि दोन्ही एकत्र घेतलेल्या बायकांना आराम लवकर सुरू झाला. त्यामुळे पाय टबात असताना गरम पाण्याची पिशवी कपड्यावरून ओटीपोटावर ठेवा. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर पाय शेकणं रद्द करा पण पोट शेका, इतका माझा कल त्या बाजूला आहे.

घोट्याचं मात्र एक सांगते, कारण हा प्रश्न हुशार रुग्ण विचारतातच. घोट्याच्या आतल्या हाडाच्या वर चार बोटांवर चिनी वैद्यकात एक बिंदू मानतात आणि पाळीच्या दुखण्यात तो दाबतात. म्हणूनच 'पाणी घोट्याच्या वर यायलाच हवं' असं सांगितलं जातं. जवळपास त्याच जागी सुई टोचून आम्ही सतत लघवीची घाई होणाऱ्या रुग्णांना टिबियल नसेचं (पोटरीतून पावलाकडे जाणाऱ्या, संवेदना वाहून नेणाऱ्या नसेचं) विद्युत उद्दीपन देतो, दर आठवड्याला अर्धा तास, बारा आठवडे. त्या नसेचे धागे ओटीपोटाच्या अवयवांशी कण्यात एकत्र येतात. म्हणजे घोटा आणि ओटीपोट यांचा संबंध अगदीच कल्पनेतला नाही. तिथे सौम्यपणे दाबून बघायला हरकत नाही, बिनखर्चाचं आणि निर्धोक आहे. गरम पाणी मात्र नसेला त्या विजेसारखं उद्दीपित करत नाही.

आता कसं करायचं ते.

टब किंवा बादली अशी घ्या की पाणी घोट्याच्या चार बोटं वर येईल. जास्त उंच नको, पोटरीपर्यंत नेण्यात विशेष हाशील नाही. पाणी ४० अंशांच्या आसपास, फार तर ४१. यासाठी पाण्यात बुडवता येणारा थर्मामीटर वापरा. हातानं बघितलेल्या अंदाजावर मी विश्वास ठेवत नाही. रोज भांडी घासणारा, चहा गाळणारा हात गरमाला सरावलेला असतो, त्याला जे 'कोमट' ते पायाच्या पाठीला चटका देणारं असतं. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा. कोपराला 'छान गरम' वाटलं तर ठीक, क्षणभरही काढून घ्यावंसं वाटलं तर आणखी विसण घाला. आधी गार पाणी, मग त्यात गरम, मग ढवळणं, मग मोजणं. हा क्रम सोडू नका. पाणी निवायला लागलं की लोक पाय तसेच ठेवून किटलीतलं उकळतं पाणी ओततात, आणि बहुतेक वेळा भाजतं ते याच वेळी. पाय बाहेर काढा, पाणी ओता, ढवळा, मग पाय आत. भाजण्याचा हिशेब असा आहे: ६० अंशांच्या पाण्यानं काही सेकंदांत खोल भाजतं, ४९ अंशांनी पाच-दहा मिनिटांत, आणि ४४ अंशांनीही तासन्‌तास राहिलं तर.

पंधरा ते वीस मिनिटं पुरे. पाय बाहेर काढल्यावर पाण्याच्या पातळीवर त्वचेत एक रेषा दिसेल, तिच्याखाली गुलाबी, वर नेहमीचा रंग. गुलाबी असेल तर जमलं. लालभडक असेल, चुरचुरत असेल किंवा तो रंग तासाभरानंतरही तसाच असेल, तर पाणी जास्त गरम होतं. उठताना घाई नको. रक्तवाहिन्या उघडल्यात, त्यात पहिल्या दिवसाचा अशक्तपणा आणि कदाचित रिकामं पोट, त्यामुळे झटकन उठलात तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, अगदी एकेक. ओल्या राहिलेल्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि रोज पाय भिजवणाऱ्यांत हेच सगळ्यात नेहमीचं दुखणं. शेवटी तळव्याला साधं मलम लावून सैल मोजे. मोजे घातले नाहीत तर दहा मिनिटांत पाय होते तिथे परत.

काढा करायचाच असेल तर पन्नासएक ग्रॅम ताज्या आल्याच्या चकत्या लिटरभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, गाळा आणि ते टबातल्या पाण्यात मिसळा. तापमान मिसळल्यानंतर मोजायचं. सुगंधी तेलाचे थेंब थेट पाण्यात टाकू नका. ते विरघळत नाहीत, वर तरंगतात आणि आहे तसे गाढ रूपात त्वचेला चिकटतात. दालचिनीचं तेल तर त्वचेला चिडवण्यात आणि ॲलर्जी उठवण्यात पटाईत आहे. मगवर्ट आणि करडई दोन्ही झेंडू, शेवंती आणि गाजरगवताच्या कुळातल्या. गाजरगवतानं अंगावर पुरळ उठणाऱ्यांनी ही पाकिटं टाळावीत. दिवस गेल्याची जराही शंका असेल तर मगवर्ट नकोच, साधं पाणी वापरा.

पाळी चालू असताना चालतं का? चालतं. त्यानं रक्त 'अडतं' किंवा 'जास्त सुटतं' याला आधार नाही. ज्यांच्या अंगावरून नेहमीच खूप जातं त्यांनी पहिले दोन दिवस जपून, तेही चक्कर येऊन पडू नये एवढ्यासाठी.

औषधाबद्दलही बोलायला हवं, कारण पाय शेकण्याचा प्रश्न विचारणाऱ्या अनेकींच्या मनात 'गोळी नको' हे असतं आणि त्या तसं लिहीत नाहीत. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. त्या नुसत्या वेदना झाकत नाहीत, मूळ कारणावर जातात. म्हणूनच कळ असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा कळ सुरू होताना, पोटात काही खाऊन घेतल्या की जास्त चालतात. पाळीपुरते दोन-तीन दिवस घेतल्यानं सवय लागत नाही. रक्तस्रावही थोडा कमी होतो. पोटात व्रण असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी दम लागत असेल, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा गर्भारपण असेल तर या गोळ्या आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत, मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नियमित व्यायामानंही दुखणं कमी होतं. अभ्यासांत तो बहुधा आठवड्यातून तीनदा, पाऊण ते एक तास असा होता. पाळीच्या दिवशी करायचा असं नाही, महिनाभर.

आता गार पायांचं. 'रक्ताभिसरण खराब' हे निदान नाही, ती तक्रार आहे. तिच्याखाली अगदी वेगवेगळी कारणं असतात आणि कुणाला गरम पाणी मानवेल हे त्या कारणावर ठरतं. तुमच्या वयाच्या, बारीक अंगाच्या, बाकी ठणठणीत मुलीचे पाय गार असतील तर बहुधा तो त्वचेतल्या रक्तवाहिन्यांचा स्वभाव असतो. पाय शेका, मोजे घाला, हालचाल ठेवा. बोटं थंडीत आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होत असतील तर तो रेनॉड्सचा प्रकार आहे. त्यात गारठलेली बोटं एकदम गरम पाण्यात घालायची नाहीत, कोमट पाण्यानं हळूहळू. दिवस मावळताना घोट्यावर सूज, पोटरीत जडपणा, फुगलेल्या निळ्या नसा, असं असेल तर अडचण रक्त पोचण्याची नाही, परत येण्याची आहे. गरम पाण्यानं त्या नसा आणखी फुगतात आणि पाय जास्त जड होतात. त्यांनी पाय उंचावर ठेवून पडावं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते आहे, विशेषतः गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, तर शेक, मालिश काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. नसेत गुठळी झालेली असू शकते.

तुमच्या बाबतीत मी एक गोष्ट आवर्जून तपासेन. अंगावरून किती जातं याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. पॅड तासा-दोन तासाला भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांहून जास्त जात असेल, तर पाय गार असण्याचं कारण पायांत नसून रक्तात असू शकतं. लोह कमी पडलं की थंडी सोसत नाही, दम लागतो, केस गळतात. गर्भवती नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया धरतात, पण लोहाचा साठा त्याच्या बराच आधी आटतो. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणीही करून घ्या. ते ३० च्या खाली असेल तर साठा संपत आलाय असं मी धरते. जोडीला थायरॉइडसाठी टीएसएच. थायरॉइड मंद असला तर पायही गार आणि पाळीही जास्त, दोन्ही तक्रारी एकदम. या तपासण्या न करता वर्षानुवर्षं पाय शेकत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना लागत होतं ते लोह.

आता आई.

मधुमेहात पायाच्या संवेदना पोचवणाऱ्या नसा हळूहळू मंदावतात. बाईला ते कळतही नाही, कारण न कळणं हाच तो आजार. पाय गार वाटतात, मुंग्या येतात, कधी आग होते. तुमच्या हाताची मागची बाजू त्यांच्या पावलाला लावून बघा. त्यांना गार वाटतंय आणि तुमच्या हाताला पाऊल ऊबदार लागतंय, तर दोष रक्ताभिसरणात नसून नसांत असण्याची शक्यता मोठी. अशा पायाला चटका बसला तरी तो कळत नाही. माझ्या एका रुग्णाच्या आईनं मुलीच्याच टबात पाय घातले होते. मुलीनं 'फार गरम आहे' म्हणून पाय काढले, आई 'मला तर छान वाटतंय' म्हणत बसून राहिल्या. सकाळी पलंगावरची चादर पायाशी ओली दिसली. टाचेवरचा फोड फुटला होता आणि त्यांना दुखलं नव्हतं. ती जखम भरायला महिने गेले. साखर जास्त असताना असं होतंच.

दुसरी शक्यता पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची. पाऊल हातालाही गार लागतं, फिकट दिसतं, थोडं चाललं की पोटरीत गोळे येतात आणि थांबलं की जातात. गरम पाण्यानं त्वचेची प्राणवायूची मागणी वाढते, पण आत येणारा पुरवठा वाढू शकत नाही. म्हणजे इथे शेक नुकसानीचा. इथे गिबन आणि लँडिस यांच्या निरीक्षणाची आठवण होते. पायांत ऊब हवीच असेल तर अंगावर पांघरूण, पाठ-पोट उबदार ठेवणं, यातूनही पायांच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि पावलाला धोका नसतो.

आईंसाठी नियम सोपे आहेत. पाय धुवायचं पाणी ३७ अंशांच्या खाली, ते तुम्ही मोजायचं. धुवायचे, भिजवत ठेवायचे नाहीत. गरम पाण्याची पिशवी, हीटर पायाजवळ नको, झोपतानाही. सैल, आतून जाड शिवण नसलेले मोजे. रोज तळवे आणि बेचक्या बघायच्या, त्यांना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा. आणि डॉक्टरांकडे पायाची तपासणी झाली नसेल तर ती मागून घ्या. दहा ग्रॅमचा दाब देणाऱ्या बारीक तारेनं तळव्याची संवेदना बघतात, घोट्यातला आणि दंडातला रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली आलं तर रोहिण्या अरुंद झाल्यात असं धरतात. वीसेक मिनिटांचं काम आहे.

आता पुन्हा तुमच्या कळांकडे. वर मी सांगितलेलं सगळं साध्या पाळीच्या दुखण्याला लागू आहे. पाळी सुरू झाल्यापासूनच्या वर्ष-दोन वर्षांत सुरू झालेलं आणि तेव्हापासून साधारण तसंच असलेलं दुखणं बहुधा या प्रकारचं असतं. गेल्या काही वर्षांत नव्यानं सुरू झालं असेल, दर महिन्याला वाढत असेल, पाळी संपल्यावरही राहत असेल, संडासला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, किंवा गोळी आणि शेक दोन्ही नीट घेऊनही काम बुडत असेल, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं), ॲडिनोमायोसिस (तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) अशा गोष्टी बघायला हव्यात. एंडोमेट्रिओसिस साधारण दहातल्या एकीला असतो आणि निदान व्हायला अनेकदा वर्षं जातात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तो नाहीच असं होत नाही. 'सोनोग्राफीत काही नाही, म्हणजे तुझ्याच मनाचं' असं कुणी ऐकवलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बायकांचं हे दुखणं अंगावर काढायचंच असतं असं धरून चालणारे घरातही असतात आणि दवाखान्यातही.

पाकिटं आधीच घेतली असतील तर टाकून देऊ नका. घटक छापलेले असतील, त्यातलं काही तुम्हाला बाधत नसेल, पायाला भेगा किंवा चिखल्या नसतील, तर आदल्या रात्री आणि पहिल्या रात्री वापरा. रोजची गरज नाही, वास आवडला म्हणून केलंत तर गोष्ट वेगळी. घटक छापलेलेच नसतील तर ते पाकीट उघडू नका. पुढच्या दोन-तीन पाळ्यांत कळ सुरू होतानाच गोळी, पोटावर शेक आणि रात्री पायांना पाणी, असं करून बघा. दुखणं कधी सुरू झालं, किती वेळ राहिलं, पॅड किती लागले हे लिहून ठेवा. काम तरीही बुडत असेल तर तो कागद घेऊन तपासायला जा, पाकिटं संपायची वाट बघू नका.